स्वालबार्डला मराठी ग्रुप घेऊन जातेय – तिथले जुने अवशेष कसे दाखवायचे, काय सांगायचं?

मेघना_ठाणे

नमस्कार. मी टूर लीडर आहे. आतापर्यंत युरोप आणि जपानच्या सहली केल्या, पण येत्या जुलैमध्ये पहिल्यांदाच स्वालबार्डला, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या नॉर्वेच्या बेटांवर, ग्रुप घेऊन निघायचंय. लाँगयीअरब्येन या तिथल्या मुख्य गावाहून एका छोट्या जहाजाने स्पिट्सबर्गेन या मोठ्या बेटाच्या वायव्य किनाऱ्याने वर जायचं आणि परत यायचं. ग्रुप बहुतेक साठी ओलांडलेला आहे. निवृत्त बँकवाले, शिक्षक, दोन डॉक्टर जोडपी, आणि एक आजी तर एकट्या येतायत. जहाजावरचे गाईड इंग्रजीत सांगतील, ते मराठीत नीट पोहोचवायचं काम माझं.

हिमनद्या, अस्वलं, वॉलरस यांची तयारी झाली आहे. अडलंय ते जुन्या जागांपाशी. कार्यक्रमात स्मेरेनबर्ग ही देवमाशांच्या शिकाऱ्यांची जुनी वसाहत आहे, माग्डालेनफ्योर्ड खाडीतली ग्राव्हनेसेट ही त्यांची दफनभूमी आहे आणि न्यू-ओलेसुन्ड हे संशोधकांचं गाव आहे. फोटो पाहिले तर वाळूत काळपट गोल उंचवटे, चार कुजक्या फळ्या, गंजलेले डबे आणि दगडांचे ढीग. आमचे काका विचारणारच, "मेघना, हे बघायला आणलंस होय?" दुसरा प्रश्न येणार की नॉर्वे एवढा श्रीमंत देश, मग हे साफ करून संग्रहालयात का ठेवत नाहीत?

मला खरी काळजी थडग्यांची वाटते. ग्राव्हनेसेटला शंभरावर माणसं पुरली आहेत असं वाचलं. आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी अशा जागी नुसती फोटो काढून परत फिरणार नाहीत. कुणी फूल ठेवायला बघेल, कुणी दोन दगड रचेल. एका काकांनी तर आताच फोनवर विचारलं की घरून उदबत्ती आणली तर चालेल का. त्यांची भावना मला दुखवायची नाही आणि तिथला नियमही मोडायचा नाही.

कुणी तिथे काम केलंय का? अशा जागी बोलायचं काय आणि किती?

खाडीकाठ

मेघनाताई, मी मूळचा गुहागरचा. आता लाँगयीअरब्येनला राहतो आणि उन्हाळ्यात जहाजांवर गाईड म्हणून काम करतो. या जागांवर माझा जीव आहे, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

स्मेरेनबर्गची गोष्ट आदल्या रात्री जेवणं झाल्यावर जहाजावरच सांगा. किनाऱ्यावर ऐकण्याची कुणाची मनःस्थिती नसते. वारा कानात घुसतो, लाइफ जॅकेट काढायचं असतं, कुणाच्या तरी बुटात पाणी गेलेलं असतं आणि रायफल घेतलेला गाईड सगळ्यांना एकत्र राहा म्हणून बजावत असतो. तिथे फक्त हात करून "काल सांगितली ती भट्टी ही" एवढंच म्हणायचं. ज्या ग्रुपला आधी गोष्ट कळलेली असते तो ग्रुप तिथे हळू चालतो आणि पायाखाली बघून चालतो, हे मी सतत पाहतो.

गोष्ट अशी. १५९६ मध्ये विलेम बारेंट्सच्या मोहिमेला हा प्रदेश दिसला. पुढच्या वीसेक वर्षांत इंग्रज, डच आणि इतरही बरेच जण इथे देवमाशांच्या मागे आले. या खाड्यांमध्ये तेव्हा बोहेड जातीचे देवमासे भरपूर होते. हा प्राणी संथ पोहतो, मेल्यावर तरंगतो आणि त्याच्या अंगावर चरबीचा जाड थर असतो. चरबी कढवली की तेल मिळायचं, ते युरोपात दिव्यांना आणि साबणाला लागायचं. त्याच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्या बायकांच्या कॉर्सेटमध्ये जायच्या. डचांनी इथल्याच आम्स्टरडाम नावाच्या बेटाच्या सपाट टोकावर १६१४ च्या सुमारास तंबू ठोकले आणि १६१९ पासून लाकडी घरं उभी केली. विटांच्या भट्ट्यांवर तांब्याच्या मोठ्या कढया चढवलेल्या असायच्या. उतू गेलेलं तेल खालच्या वाळूत आणि खडीत मुरायचं, वरून भट्टीची धग लागायची, आणि त्याचं काँक्रीटसारखं घट्ट कडं तयार व्हायचं. कढया गेल्या, घरं गेली, कडी राहिली. तुम्ही फोटोत पाहिलेले काळपट उंचवटे म्हणजे तीच कडी आहेत. त्यांवर पाय ठेवायचा नाही. ती घट्ट दिसतात, पण कडेने ढासळतात.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. जुन्या पुस्तकांत स्मेरेनबर्गबद्दल वाट्टेल ते लिहून ठेवलं होतं. हजारो माणसांचं शहर, रस्ते, दुकानं, चर्च, जुगाराचे अड्डे. तीनशे वर्षं एकाने लिहिलं ते दुसऱ्याने उतरवून घेतलं. मग १९७९ ते १९८१ या काळात लाउवेरेन्स हाकेबोर्ड या डच पुरातत्त्वज्ञाच्या चमूने तिथे खोदलं. जमिनीतल्या घरांच्या खुणा मोजल्या तेव्हा इमारती निघाल्या सोळा-सतरा, आणि ऐन हंगामातली माणसं दोनशेच्या आसपास. हे कळलं ते कशावरून? फळ्या, विटा आणि भट्ट्या होत्या त्या जागी पडून होत्या म्हणून. काकांना हे जरूर सांगा. ती कुजकी फळी उचलून लाँगयीअरब्येनच्या संग्रहालयात ठेवली तर ती एक जुनी फळी उरते. जागेवर असली तर ती घराची भिंत असते, शेजारच्या घरापासून तिचं अंतर मोजता येतं आणि कुणी रंगवून सांगितलेलं शहर खोटं ठरवता येतं. श्रीमंत देश असूनही नॉर्वे ते उचलत का नाही, याचं मला पटलेलं उत्तर हे आहे.

देवमाशांचं काय झालं तेही टाळू नका. काही दशकांतच खाड्या रिकाम्या झाल्या, शिकार खुल्या समुद्रात आणि बर्फाच्या कडेला सरकली, चरबी पिंपांत भरून हॉलंडला नेऊन कढवायला लागले आणि १६६० च्या आसपास स्मेरेनबर्ग ओस पडलं. या बाजूच्या समुद्रात बोहेड आजही दुर्मीळ आहे. किनाऱ्यावर हाडं दिसतील, त्यांच्याभोवती शेवाळ जास्त हिरवं असतं, कारण हाडांतून आजही पोषण झिरपतंय. जिथे देवमासे किंवा वॉलरस कापले गेले तिथल्या हाडांना कायद्याचं संरक्षण आहे, मग ती कितीही अलीकडची असोत.

कायदा थोडक्यात सांगतो. स्वालबार्डचा पर्यावरण कायदा २००१ चा. १९४५ किंवा त्याआधीची माणसाची कुठलीही खूण आपोआप संरक्षित आहे. वेगळी नोंद नको, पाटी नको. भोवतीची शंभर मीटर जागाही त्यात येते, तिथे तंबू नाही, शेकोटी नाही. हलवणं, उकरणं, झाकणं, बदलणं, सगळ्याला मनाई. थडगी आणि माणसांची हाडं कुठल्याही काळातली असली तरी संरक्षित. म्हणून गंजलेला डबा साफ करत नाहीत. उन्हाळ्यात आम्ही किनाऱ्यावरचं प्लास्टिक गोळा करतो तेव्हा पोती भरभरून मासेमारीची जाळी निघतात, पण जुना पत्र्याचा डबा दिसला की हात मागे घ्यायचा आणि गाईडला विचारायचं.

१ जानेवारी २०२५ पासून आणखी एक बदल झाला. संरक्षित क्षेत्रांत आता ठरवून दिलेल्या ४३ जागीच पर्यटकांना उतरता येतं आणि तिथे दोनशेहून जास्त प्रवासी असलेलं जहाज जाऊ शकत नाही. तुमच्या कार्यक्रमातल्या जागा त्या यादीत आहेत का, हे जहाज कंपनीकडून आताच लेखी घ्या. कागदावर छापलेला मुक्काम ऐनवेळी बदलला की आपली मंडळी टूर लीडरलाच धरतात.

थडग्यांबद्दल तुम्ही विचारलंत ते फार योग्य केलंत.

१६३३ मध्ये डचांनी सात माणसांना हिवाळाभर स्मेरेनबर्गला ठेवलं, पुढच्या हंगामापर्यंत सामान राखायला. सातही जगली. पुढच्या वर्षी पुन्हा सात ठेवली. १६३५ च्या उन्हाळ्यात जहाजं आली तेव्हा सातही मेलेली होती. स्कर्व्ही. ताजी भाजी नाही, फळ नाही, हिरड्या सुजतात, जुन्या जखमा उघडतात. तुमच्या ग्रुपमधल्या डॉक्टरांना हे नीट सांगता येईल, त्यांनाच बोलू द्या. उन्हाळी हंगामातही माणसं मरत. काही आजाराने, काही देवमाशाच्या शेपटीच्या फटक्याने होडी उलटून. जवळच्या टोकांवर आणि बेटांवर त्यांना पुरलं. जमीन गोठलेली, त्यामुळे खड्डा उथळ आणि वर दगड. तुम्हाला दिसलेले दगडांचे ढीग ते हे.

१९८० मध्ये डच पुरातत्त्वज्ञांनी अशी १८५ थडगी तपासली. बऱ्याच सांगाड्यांच्या डोक्यावर विणलेल्या लोकरीच्या टोप्या अजून होत्या. त्यातल्या काही आज आम्स्टरडाम शहरातल्या राइक्समुझेउम या संग्रहालयात आहेत. प्रत्येक टोपीचे पट्टे वेगळे. थंडीसाठी सगळे इतके गुंडाळलेले असत की चेहरा दिसायचाच नाही, माणूस ओळखायचा तो टोपीवरून. त्या टोप्यांचे फोटो फोनमध्ये घेऊन ठेवा आणि जहाजावर दाखवा. ग्राव्हनेसेटला टोपी दिसणार नाही, थडग्यांभोवती कुंपण आहे आणि बाहेरूनच बघायचं आहे. पण टोपी पाहिलेला माणूस त्या दगडांच्या ढिगाकडे बघताना आत कुणीतरी आहे हे विसरत नाही. एकदा एक बाई माझ्या शेजारी उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "याच्या आईला कळलं तरी असेल का?" त्यानंतर मी काहीच बोललो नाही.

काकांची उदबत्ती नको. फूल नको, नाणं नको, दगड रचणं नको. पण नुसतं "मनाई आहे" म्हणू नका. असं सांगा की ही माणसं ख्रिस्ती होती, त्यांच्या सोबत्यांनी जमेल तसा त्यांच्या रीतीने निरोप दिला आहे, तो झालेला आहे. आपण त्यात भर घालायची गरज नाही. कुंपणापाशी उभं राहून मनात हात जोडले तर त्यांना काही कमी पडणार नाही. वाटल्यास जहाजावर परतल्यावर सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हणा. माझ्या एका ग्रुपने डेकवर पसायदान म्हटलं होतं, फार चांगलं वाटलं.

न्यू-ओलेसुन्डला आपल्या लोकांना सांगण्यासारखं वेगळं आहे. भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र २००८ पासून तिथे आहे, त्यामुळे सगळे फोटोसाठी तिकडे धावतील. धावू द्या, पण मग गावाबाहेरच्या, हवाई जहाज बांधायच्या लोखंडी मनोऱ्याकडे लक्ष वेधा. ११ मे १९२६ ला ध्रुवीय शोधप्रवासी आमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले यांचं 'नॉर्गे' हे हवाई जहाज याच गावातून सुटलं आणि उत्तर ध्रुवावरून अलास्काला गेलं. १९२८ मध्ये नोबिले पुन्हा आला, त्याचं 'इटालिया' बर्फावर कोसळलं, आणि त्याला शोधायला विमानाने निघालेला आमुंडसेन परत आलाच नाही. मनोरा मात्र त्याच जागी उभा आहे. तिथपर्यंत चालत जायचं तर हत्यारी गाईड हवा. वाटेत आर्क्टिक सुरय पक्षी डोक्यावर चोच मारायला येतात, टोपी घालायला सांगा.

हेच गाव खाण कामगारांचंही होतं. १९६२ च्या स्फोटात २१ जण गेले, पुढच्या वर्षी खाण बंद झाली आणि त्या प्रकरणात ओस्लोतलं सरकार पडलं. विज्ञानाच्या गावात शिरताना ही माणसं आठवली पाहिजेत असं मला वाटतं. आणि हो, फोन फ्लाइट मोडवर. तिथल्या उपकरणांना अडथळा होतो म्हणून वाय-फाय, ब्लूटूथ सगळं बंद ठेवायचं असतं.

लोखंड_लाकूड

मी मुंबईत एका संग्रहालयाच्या संवर्धन प्रयोगशाळेत काम करते. लाकूड आणि धातू हा माझा विषय. खाडीकाठ यांचं बहुतेक पटलं, पण एका मुद्द्यावर मी अडते.

आधी मेघनाताईंच्या कामाचं. "एवढ्या थंडीत कुजतं कसं?" हा प्रश्न कुणीतरी विचारेलच. थंडीत बुरशी मंदावते, मरत नाही. उन्हाळ्यात वरचा थर ओला झाला की लाकडात ती कामाला लागते. किनाऱ्यावर दुसरा त्रास मिठाचा. खारं पाणी लाकडात शिरतं, सुकताना मिठाचे स्फटिक तयार होतात आणि लाकडाचे तंतू एकमेकांपासून सुटतात. फळीचा पृष्ठभाग पिंजलेल्या कापसासारखा दिसतो. त्यावर बोट फिरवलं तरी तंतू निघून येतात. म्हणून हात लावू नका हे सांगताना कारणही सांगा. कारण कळलं की आपले लोक ऐकतात.

आता मुद्दा. "जागेवर आहे म्हणून अर्थ आहे" हे मलाही मान्य आहे. पण जागाच राहणार नसेल तर? स्वालबार्ड जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने तापतंय. कायमची गोठलेली जमीन वरून वितळते आहे. दर हिवाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात खचते आणि शवपेट्या हळूहळू वर ढकलल्या जातात. झाकण फुटलं की हवा आत जाते. तीनशे-चारशे वर्षं टिकलेली लोकर उघड्यावर काही उन्हाळेसुद्धा काढत नाही. किनारा खचतो तिथे अख्खं थडगं समुद्रात जातं. त्या टोप्या आपल्याला माहीत आहेत त्या कुणीतरी १९८० मध्ये खोदलं म्हणून. नुसतं बघत राहण्याला मी संवर्धन म्हणू शकत नाही.

सुवर्णमध्य असतो, आणि तो केलेलाही आहे. हिल्मार नोइस या शिकाऱ्याचं टेंपलफ्योर्डमधलं फ्रेडहाइम नावाचं घर २०१५ मध्ये किनाऱ्यापासून आत सरकवलं, कारण लाटा पायापर्यंत आल्या होत्या. घर त्याच उतारावर, त्याच खाडीकडे तोंड करून आहे.

दक्षिणेचं उदाहरण मला त्याहून आवडतं. अंटार्क्टिकात केप रॉइड्सला शोधप्रवासी शॅकल्टनची १९०८ ची झोपडी आहे. तिच्या जमिनीखाली गोठलेल्या बर्फात व्हिस्कीची खोकी सापडली, ती २०१० मध्ये काढली. एक खोकं न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या संग्रहालयात अतिशय सावकाश वितळवलं, आत ११ बाटल्या निघाल्या. तीन बाटल्या स्कॉटलंडला नेऊन व्हिस्कीचा अभ्यास केला. आणि २०१३ मध्ये त्या परत अंटार्क्टिकात नेल्या. कुठल्याही संग्रहालयाने ती मिरवली असती. तरीही परत नेली. वस्तू उचलायची, वाचवायची आणि पुन्हा तिच्या जागी न्यायची, इतका खटाटोप करणारी माणसं आहेत, हे तुमच्या काकांना सांगा.

दक्षिणायन

मैत्री या भारताच्या अंटार्क्टिकातल्या केंद्रावर हिवाळा काढलेला माणूस आहे, गाड्या आणि जनरेटर सांभाळायला होतो. स्वालबार्ड पाहिलेलं नाही, पण वरचं वाचून राहवलं नाही.

आपलाही वारसा ध्रुवावर आहे हे आपल्या लोकांना माहीत नसतं. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून 'पोलार सर्कल' जहाज निघालं, डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण, आणि ९ जानेवारी १९८२ ला ते अंटार्क्टिकावर उतरले. त्यांच्या नावांची पाटी अंटार्क्टिक कराराच्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत ४४ व्या क्रमांकावर आहे. त्यानंतर बांधलेलं दक्षिण गंगोत्री केंद्र हिमपटावर होतं. बर्फ साचत गेला, केंद्र त्याखाली गेलं आणि १९९० मध्ये ते सोडावं लागलं. मैत्री म्हणूनच खडकावर आहे.

त्या यादीत ७८ व्या क्रमांकावर आणखी एक पाटी आहे, हुम्बोल्ट पर्वतातल्या इंडिया पॉइंटची. ८ जानेवारी १९९० ला तिथल्या तळावर नवव्या मोहिमेतले चार जण गेले, तीन भूवैज्ञानिक आणि नौदलाचा एक संदेशवहन तंत्रज्ञ. आम्ही त्यांची आठवण काढायचो तेव्हा कुणी भाषण करायचं नाही. एकाने नावं वाचायची आणि बाकीच्यांनी उभं राहायचं. ग्राव्हनेसेटला नावं माहीत नसली तरी उभं राहता येतं.

कचरा आणि वारसा यातला फरक अंटार्क्टिकातही असाच काटेकोर आहे. १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलनुसार, म्हणजे अंटार्क्टिक कराराला जोडलेल्या पर्यावरणाच्या करारानुसार, प्रत्येक देशाने आपला जुना कचरा काढून न्यायचा, पण ऐतिहासिक स्थळ म्हणून यादीत असलेल्या बांधकामाला हात लावायचा नाही. एखादी गोष्ट यादीत घालायची की पिंपात भरून परत पाठवायची, हे माणसांना बसून ठरवावं लागतं. पर्यटकांना हे ऐकायला आवडेल.

आणि शॅकल्टनचा विषय निघालाच आहे तर स्कॉटचंही सांगतो. दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या स्कॉटच्या त्या शेवटच्या मोहिमेसाठी भारतातली सात खेचरं १९१२ मध्ये अंटार्क्टिकात पोहोचली होती. लाल खान, गुलाब, बेगम, रानी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहिब. हिमालयात शिकलेली जनावरं. स्कॉटच्या शोधाला निघालेल्या तुकडीत ती होती, आणि १२ नोव्हेंबर १९१२ ला त्याच तुकडीला स्कॉटचा तंबू सापडला. केप इव्हान्सच्या झोपडीला लागून तबेला अजून आहे. उत्तरेला जाणाऱ्या जहाजावर संध्याकाळी सांगायला हरकत नाही.

खाडीकाठ

लोखंड_लाकूड ताई, तुमचा मुद्दा मान्य. समुद्रात जाणारं थडगं खोदून माणूस आणि त्याची लोकर वाचवावी, यावर माझा वाद नाही. गेल्या काही उन्हाळ्यांत किनारा कुठे किती खचला हे मी स्वतः पाहतो आणि मला त्रास होतो. माझं म्हणणं एवढंच की ते खोदणं मोजमाप करून, परवानगीने, शिकलेल्या माणसांनी करावं. इथे नुकसान फक्त समुद्राने केलेलं नाही. व्हिर्गोहाम्नाचं उदाहरण घ्या. १८९७ मध्ये स्वीडनचा आंद्रे फुग्यातून ध्रुवाकडे निघाला ती जागा. लोखंडाचा कीस आणि गंधकाम्ल वापरून त्याने तिथे हायड्रोजन तयार केला, त्या किसाचे गंजके ढीग आणि अ‍ॅसिडच्या मातीच्या बरण्यांच्या खापऱ्या अजून पडलेल्या आहेत. लोकांनी आठवण म्हणून तुकडे उचलून नेले, हजारो पायांनी बाकीचं तुडवलं. आता तिथे गव्हर्नरच्या परवानगीशिवाय उतरता येत नाही. खिशात गेलेली खापरी कुठे पडली होती हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

एक सुचवतो. खेचरांची नावं ऐकून मलाच इतका आनंद झाला, तर आपल्या मंडळींना किती होईल. असाच एक धागा स्वालबार्डलाही आहे. १९२० चा स्वालबार्ड करार पॅरिसमध्ये झाला तेव्हा ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारतही त्यात आला आणि आज भारत त्या करारातला देश आहे. तिथले अवशेष नॉर्वे सांभाळतं, पण आपण तिथे अगदीच परके पाहुणे नाही. मी हे सांगतो तेव्हा माझा ग्रुप फळीकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो.

मेघना_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. आदल्या संध्याकाळी बोलायचं हे नक्की केलं. टोप्यांचे फोटो मिळाले. डॉक्टरकाकांना स्कर्व्हीवर दहा मिनिटं दिली आहेत, ते आतापासूनच तयारीला लागलेत. उदबत्तीवाल्या काकांशीही बोलले. "त्यांना निरोप देऊन झालाय" हे त्यांना पटलं. डेकवर पसायदान म्हणू या का, असं त्यांनीच विचारलं.

एक शंका राहिली. आजींचे गुडघे दुखतात, दर पंधरा मिनिटांनी त्यांना टेकावं लागतं. किनाऱ्यावर ओंडके पडलेले दिसतात, त्यावर बसवलं तर चालेल ना?

खाडीकाठ

ओंडके बहुतेक सैबेरियातल्या नद्यांतून वाहत आलेले असतात, लार्च आणि पाइनचे. ते समुद्रानेच आणून टाकलेले, त्यावर बसायला एरवी हरकत नसते. पण स्मेरेनबर्गसारख्या जागी ओंडका कुठला आणि घराचा वासा कुठला हे नवख्याला कळत नाही. चौकोनी कड, करवतीची खूण, खिळा किंवा खिळ्याचं भोक दिसलं तर ते माणसाचं लाकूड, लांब राहायचं. काही ओंडके त्या काळीही बांधकामाला वापरलेले आहेत, त्यामुळे गोल दिसला म्हणूनही खात्री धरू नका. जहाजावर हलकी घडीची स्टुलं असतात का ते आधी विचारून ठेवा, गाईड होडीतून घेऊन येतात. नसेल तर आजींना भरतीच्या रेषेजवळ, होडी लागते त्या बाजूला, गाईड दाखवेल त्याच ओंडक्यावर बसवा. तिथून भट्ट्या फार लांब नसतात. आणि त्यांच्यासोबत कुणीतरी थांबा, एकट्या सोडू नका. अस्वलाचा धोका बसलेल्या माणसालाही असतो.